राजा आणि पक्षी (ल र्‍वा ए ल्वाझो)

राजा आणि पक्षी : (ल र्‍वा ए ल्वाझो). हाताने रेखाटलेला पूर्ण लांबीचा फ्रेंच सचेतनपट. दिग्दर्शक पॉल ग्रिमो (१९०५–९४). पटकथा व संवाद ग्रिमो आणि कवी झाक प्रेव्हेर (१९००–७७) यांचे असून मूळ कल्पना डॅनिश लेखक हॅन्स क्रिश्चन अँडरसन याच्या १८४५ मधील एका छोट्या परीकथेवरून घेतली आहे. चित्रपटाचे काम दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सुरू झाले; तो दिग्दर्शकाच्या मनासारखा पूर्ण झाला तो १९७९ मध्ये आणि प्रदर्शित झाला मार्च १९८० मध्ये. लांबी सु. ८७ मिनिटे. फ्रान्स आणि जपान या देशांत या कृतीला मानाचे स्थान आहे. अन्यत्र मात्र सचेतनपटाच्या इतिहासात तिचा उल्लेख बहुधा ओझरता होतो. कलागुणांच्या मानाने तिची उपेक्षा झाली, असे म्हणावे लागते. या उपेक्षेचे कारण चित्रपटाच्या निर्मितीच्या इतिहासातच सापडते.

निर्मितीचा इतिहास : ग्रिमो हा मूळचा जाहिरातकलेच्या क्षेत्रातील चित्रकार. आंद्रे सारू याच्या भागीदारीत त्याने १९३६ मध्ये ‘ले झेमो’ ही चित्रसंस्था स्थापन केली. जर्मन अंमलाच्या काळात आणि त्यानंतर त्याने काही लघुपट काढले; त्यांपैकी १९४७ चा ल पती सोल्दा (छोटा शिपाई) विशेष गाजला. हा लघुपटही अँडरसनच्या कथेवर आधारलेला असून त्यातही प्रेव्हेरचा सहभाग होता. प्रेव्हेर त्या वेळी फ्रेंच चित्रपटसृष्टीतील नामवंत पटकथाकार होता. दिग्दर्शक मार्सेल कार्ने याच्यासाठी त्याने लिहिलेला ले झांफां द्यू पारादी हा चित्रपट १९४५ मध्येच प्रदर्शित झाला होता. या दोघांनी मिळून ला बेर्झेर ए ल रामोनर (मेंढपाळ तरुणी आणि धुराडी साफ करणारा) या नावाने पूर्ण लांबीचा सचेतनपट हाती घेतला.

काम अपेक्षेपेक्षा फार लांबले व खर्च वाढत गेला. १९५० मध्ये भागीदारांत बेबनाव होऊन चित्रपट ग्रिमोच्या हातून काढून घेण्यात आला. सारूने तो इतरांकडून पुरा करवून घेतला. सु. ६३ मिनिटांची ही आवृत्ती १९५२ च्या व्हेनिस महोत्सवात दाखवली गेली आणि पुढील वर्षी फ्रान्समध्ये प्रदर्शित झाली. ग्रिमो व प्रेव्हेर या दोघांनीही तिच्याशी आपला संबंध नाकारला. ग्रिमोने मात्र चित्रपटाचा नाद सोडला नाही. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने मूळ चित्रफितीचे हक्क परत मिळवले आणि पैसा जमताच जुन्या सहकाऱ्यांपैकी काही व नवे तरुण चित्रकार यांना घेऊन काम पुन्हा सुरू केले. प्रेव्हेरने संहितेवर अखेरपर्यंत काम केले. पण पूर्ण झालेला चित्रपट पाहण्यास तो उरला नव्हता. प्रथम प्रदर्शनाच्या वेळी ग्रिमोने आपल्या शेजारची खुर्ची त्याच्यासाठी रिकामी ठेवली होती, असे सांगतात. १९७९ चे लुई देल्यूक पारितोषिक या चित्रपटास मिळाले.

कथानक : ताकिकार्दी नावाच्या राज्यात ही कथा घडते. हृदयाचे ठोके वाजवीपेक्षा जलद पडण्याच्या विकाराचे फ्रेंच नाव येथे देशाला दिले आहे. राजाच्या नावातही अशीच थट्टा आहे : तो पाचवा व तिसरा मिळून आठवा आणि आठवा मिळून सोळावा शार्ल आहे. तो तिरळा आहे. परंतु ही गोष्ट बोलून दाखवण्याची कोणाची प्राज्ञा नाही. त्याला शिकारीचा षोक आहे आणि त्याच्या गोळीला राजवाड्याच्या शिखरावर राहणाऱ्या एका पक्ष्याची मादी बळी पडलेली आहे. पिलांसह मागे राहिलेला हा वाचाळ, ऐटबाज पक्षी राजाची टर उडवत असतो व तोच कथेचा निवेदकही आहे.

राजाच्या गुप्त महालात एका मेंढपाळ तरुणीचे चित्र आहे. त्याच्या लगतच्या चित्रात धुराडी साफ करणारा एक तरुण आहे. रात्री चित्रे जिवंत होतात आणि ही दोघे पळ काढतात. राजाचे नवे व्यक्तिचित्रही चौकटीतून खाली उतरते, खऱ्या राजाला चोरझडपेतून नाहीसे करते आणि त्याच्या जागी राज्य करू लागते. पुढचा पाठलाग राजवाड्याच्या छपरांवरून, जिन्यांवरून आणि कालव्यांतून सूर्यप्रकाश कधीच न पाहिलेल्या तळच्या नगरीपर्यंत जातो. राजा आपला प्रचंड यंत्रमानव बाहेर काढतो. प्रियकराचा जीव वाचवण्यासाठी तरुणी लग्नास कबूल होते. तरुण आणि पक्षी यांना राजाच्या मूर्ती घाऊक प्रमाणात बनवणाऱ्या कारखान्यात जुंपले जाते. अखेर तळघरातील हिंस्र पशू, एक आंधळा वादक आणि पक्षी यांच्या उठावातून राजवाडा कोसळतो. तो पाडतो राजाचाच यंत्रमानव.

अवकाशाची रचना : अँडरसनच्या कथेतील पात्रे चिनी मातीची असून त्यांचा सारा प्रवास मेजावरून धुराड्यात व धुराड्यातून छपरापर्यंत होतो. जग फार मोठे आहे या भीतीने ती परत फिरतात. ग्रिमो व प्रेव्हेर यांनी खालून वर जाण्याची ही एकच कल्पना उचलली आणि तिच्यावर एक संपूर्ण नगर उभे केले. चित्रपटाचे खरे सामर्थ्य या उभ्या रचनेत आहे. राजाची लिफ्ट वर चढू लागते, तेव्हा मजल्यामागून मजल्यांची नावे पुकारली जातात. कचेऱ्या आणि कारखाने यांच्याबरोबर ऋतूंनुसार वेगवेगळे तुरुंगही त्या यादीत येतात. राज्यव्यवस्थेचे वर्णन करणारे दुसरे भाषण चित्रपटात नाही, कारण त्याची गरजच राहत नाही. वर कोण राहतो आणि खाली कोण, एवढे कळले की सारे कळते.

पार्श्वचित्रांत व्हेनिसचे कालवे, बव्हेरियातील किल्ल्यांचे मनोरे आणि इटालियन चित्रकार जोर्जो दे किरिको याच्या चित्रांतील निर्मनुष्य चौक व लांब सावल्या यांची आठवण करून देणारे घटक एकत्र आले आहेत. हे मिश्रण नुसत्या शोभेसाठी नाही. चौक अतिशय मोठे व रिकामे आहेत आणि त्यांत माणूस ठिपक्याएवढा दिसतो. सपाट कागदावर खोलीचा भास निर्माण करण्यासाठी बहुतेक सचेतनपट क्षितिजाकडे जाणाऱ्या रेषांचा आधार घेतात. येथे दृष्टी वारंवार खाली, विहिरीत डोकवावे तशी ओढली जाते. त्यामुळे पडण्याची भीती प्रेक्षकाच्या मनात सतत जागी राहते आणि चोरझडपेचा विनोद प्रत्येक खेपेस थोडा अधिक बोचतो. राजा बटण दाबतो, जमीन उघडते आणि माणूस नाहीसा होतो. किंकाळी वा प्रेत काहीच दाखवले जात नाही. ज्या दरबाऱ्यांवर अद्याप पाळी आलेली नाही, ते तसेच उभे राहतात.

रेखा आणि चलन : हाताने काढलेल्या सचेतनपटात एका सेकंदासाठी चोवीस चित्रचौकटी लागतात. पुष्कळदा एकच रेखाचित्र दोन चौकटींना वापरले जाते; तरीही दर सेकंदाला बारा चित्रे काढावीच लागतात. पात्रांची रेखाचित्रे पारदर्शक सेल्युलॉइडच्या तक्त्यांवर उतरवून मागील बाजूने रंगवतात व स्थिर पार्श्वचित्रावर ठेवून एकेक चौकट टिपतात. लागोपाठच्या दोन चित्रांत अंतर किती ठेवायचे, यावरच हालचालीची गती, तिचे वजन आणि पर्यायाने पात्राचा स्वभाव अवलंबून असतो. सचेतनपटातील अभिनय म्हणतात तो हाच.

या कसोटीवर ग्रिमोच्या चमूचे काम फार सूक्ष्म ठरते. अमेरिकन व्यंगपटांत शरीर रबरासारखे ताणले व दाबले जाते आणि त्यातून विनोद साधला जातो. ग्रिमोची पात्रे आपला आकार सहसा सोडत नाहीत. राजाचे डोके मोठे, पाय बारीक आणि पावले छोटी, लगबगीची आहेत. एरव्ही तो आपल्या फिरत्या सिंहासनात बसून यंत्राच्या गतीने सरकतो. स्वतःच्या पायांवर चालताना तो हास्यास्पद व किंचित केविलवाणा वाटतो, तर सिंहासनावर बसताच भयंकर. पक्ष्याची हालचाल याच्या अगदी उलट आहे : पंखांचे फटकारे, नटासारखे हातवारे, बोलता बोलता छाती फुगवणे. गुप्त पोलिसांच्या हालचाली एकाच साच्यातील आहेत. छत्रीसारख्या काळ्या पंखांवर ते वटवाघळांप्रमाणे उतरतात. यंत्रमानव सर्वांत मंद आहे. त्याचे पाऊल उचलताना व टेकताना चित्रांमधील अंतर इतके कमी ठेवले आहे की, त्या विलंबातूनच त्याचे वजन जाणवते. प्रत्येक पात्राची अशी स्वतंत्र लय ठरलेली असल्यामुळे संवाद ऐकू आले नाहीत, तरी कोणाची सत्ता कोणावर आहे हे नुसत्या हालचालींवरून ओळखता येते.

तिरळेपणाचा उपयोग हा रेखांकनातील बुद्धिमत्तेचा उत्तम नमुना आहे. दरबारी चित्रकार राजाचे हुबेहूब, म्हणजे तिरळे, चित्र काढतो. राजा त्याला पदक देतो आणि लगेच चोरझडपेत ढकलतो. मग एकांतात तो स्वतः कुंचला घेऊन चित्रातील डोळा सरळ करतो. रात्री जिवंत होऊन खऱ्या राजाला गिळंकृत करते ते हेच दुरुस्त केलेले चित्र. त्यानंतर राज्य करणारा राजा तिरळा नाही. त्याच्यातील एकमेव मानवी खूण नाहीशी झालेली असते. प्रतिमेने माणसाची जागा घेतल्याचा हा सारा आशय एका बुबुळाच्या स्थानावर तोललेला आहे. छायाचित्रणावर आधारलेल्या चित्रपटात हा प्रसंग क्लृप्तीसारखा वाटला असता. येथे राजा आणि त्याचे चित्र ही दोन्ही रेखाटलेलीच असल्यामुळे तो स्वाभाविक वाटतो. पुढे मूर्तींच्या कारखान्यात हाच धागा पुन्हा येतो. यंत्राच्या पट्ट्यावरून राजाचे एकसारखे मुखवटे सरकत असताना पक्षी व तरुण त्यांच्यावर मनमानी रंगकाम करून घोटाळा माजवतात. हाताने केलेली खोडी हाच येथे बंडाचा पहिला प्रकार ठरतो.

संगीत आणि मौन : चित्रपटातील गाण्यांचे शब्द प्रेव्हेरचे व चाली हंगेरीत जन्मलेला संगीतकार जोझेफ कॉस्मा (१९०५–६९) याच्या आहेत. दुसऱ्या आवृत्तीसाठी पार्श्वसंगीत नव्याने करताना ग्रिमोने पोलिश संगीतकार व्हॉइचेख किलार (१९३२–२०१३) याची निवड केली. कॉस्माच्या चाली रस्त्यावर गुणगुणता येतील अशा आहेत, तर किलारचे संगीत मितभाषी आहे. पियानोवरील त्याची साधी, उदास सुरावट मोठ्या रिकाम्या दालनांत एकटीच फिरत राहते. दृश्यातील प्रत्येक हालचालीला तालाचा ठेका देण्याची व्यंगपटांची रूढ पद्धत त्याने टाळली आहे. कित्येक दृश्यखंड जवळजवळ निःशब्द आहेत. संवादलेखक म्हणून ख्यातनाम असलेल्या कवीने इतक्या ठिकाणी मौन पत्करावे, यातच त्याला रेखांकनाविषयी वाटणारा विश्वास प्रकट होतो.

दोन आवृत्त्यांची तुलना : १९५२ च्या आवृत्तीतील बराच मोठा भाग ग्रिमोने कायम ठेवला, काही भाग वगळला आणि नवे प्रसंग जोडले. सुमारे तीस वर्षांच्या अंतराने काढलेली चित्रे एकमेकांशेजारी आली. जुन्या रंगांची छटा, रेषेची जाडी आणि पात्रांचे प्रमाण यांच्याशी मेळ घालणे हे नव्या चमूपुढील कठीण काम होते. बारकाईने पाहणाऱ्यास काही सांधे दिसतात : काही ठिकाणी रेषा अधिक कोरडी आणि पार्श्वचित्रे अधिक साधी आहेत. आवाजही सर्व नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले. पहिल्या आवृत्तीत पक्ष्याला प्येर ब्रासर या थोर नटाचा आवाज होता. दुसऱ्या आवृत्तीत झां मार्तां याने ही भूमिका चांगली वठवली असली, तरी ब्रासरचा रंगेल रुबाब गमावला गेला, हे मान्य करावे लागते. काही जाणकार या कारणांमुळे पहिल्या आवृत्तीलाच झुकते माप देतात.

हे मत पूर्णतः ग्राह्य मानता येत नाही, कारण चित्रपटाचा अर्थ पूर्ण होतो तो नव्याने रचलेल्या शेवटात. कथेच्या आरंभी पक्ष्याचे सर्वांत धाकटे पिलू पिंजऱ्याच्या सापळ्यात अडकते आणि पळून आलेली जोडी त्याला सोडवते. हे पिलू पुनःपुन्हा अडकते आणि प्रत्येक वेळी प्रेक्षक हसतो. शेवटी राजवाडा भुईसपाट झाल्यावर यंत्रमानव भग्नावशेषांवर एकटाच बसलेला दिसतो. त्याची बैठक शिल्पकार रोदँच्या ‘विचारवंत’ या प्रसिद्ध पुतळ्याची आठवण करून देते. जवळच पिंजऱ्यात तेच पिलू अडकले आहे. यंत्रमानव आपल्या अवाढव्य बोटाने, नखभरही इजा न होऊ देता, पिंजऱ्याचे दार वर उचलतो आणि पिलू उडून जाते. मग तो मूठ उचलतो आणि पिंजरा ठेचून टाकतो. येथे एकही शब्द उच्चारला जात नाही.

या दृश्याचे यश सर्वस्वी चलनावर अवलंबून आहे. ज्या हाताने काही क्षणांपूर्वी मनोरे पाडले, त्याच हाताची हळुवार हालचाल आणि नंतरचा आघात यांतील फरक गतीतूनच व्यक्त होतो. विनोदासाठी योजलेला पिंजरा अखेरीस चित्रपटाचा आशय बनतो. राजा गेला, वाडा गेला. पण सापळा शिल्लक असेपर्यंत कोणीतरी त्यात अडकणारच, हे त्यातून सूचित होते. केवळ जुलमी राजाचे पतन दाखवून थांबणाऱ्या कथेपेक्षा हा शेवट अधिक खोल आणि अधिक सावध आहे. तीस वर्षे थांबून ग्रिमोने काय मिळवले, या प्रश्नाचे उत्तर या एका दृश्यात आहे.

मर्यादा : चित्रपटात काही उणिवाही आहेत. नायक-नायिका गोड असली तरी पुसट आहेत; राजा आणि पक्षी यांच्या तुलनेत त्यांना स्वभाव असा नाहीच. तरुणीच्या वाट्याला बहुतेक वेळा पळणे किंवा पकडले जाणे एवढेच येते. उत्तरार्धात तळच्या नगरीतील लोकांची ओळख पुरेशी होत नाही. सूर्य आणि पक्षी या गोष्टी ज्यांना केवळ ऐकीव आहेत, अशा माणसांविषयी अधिक दाखवले जावे असे वाटत राहते. सिंहांचे मन वळवण्यासाठी पक्षी जे भाषण करतो, ते चतुर असले तरी प्रेव्हेरच्या शब्दखेळांवर फार विसंबून आहे आणि भाषांतरात त्याचा पुष्कळसा रस उडून जातो.

प्रभाव व मूल्यमापन : चित्रपटाची उपेक्षा होण्याचे मुख्य कारण म्हणजे इंग्रजी भाषकांच्या देशांत दीर्घकाळ पोहोचली ती दिग्दर्शकाने नाकारलेली पहिलीच आवृत्ती. तिचे इंग्रजी रूपांतर मिस्टर वंडरबर्ड या नावाशी जोडलेल्या शीर्षकाने प्रदर्शित झाले आणि पुढे निकृष्ट प्रतींच्या रूपाने मुलांचा स्वस्त करमणूकपट म्हणून फिरत राहिले. १९८० ची आवृत्ती आली तेव्हा मूळ प्रकल्पाची नवलाई ओसरली होती. फिकट रंगांच्या, कापलेल्या प्रतीवरून ज्यांनी मत बनवले, त्यांना या कृतीतील रचना दिसणे शक्यच नव्हते.

जपानमध्ये मात्र वेगळे घडले. पहिली आवृत्ती तेथे १९५५ मध्ये प्रदर्शित झाली. टोकिओ विद्यापीठात फ्रेंच साहित्याचा अभ्यास करणाऱ्या इसाओ ताकाहाता (१९३५–२०१८) याच्यावर तिचा खोल परिणाम झाला व तो सचेतनपटाकडे वळला. पुढे त्याने प्रेव्हेरच्या कवितांचे जपानी भाषांतर केले आणि या चित्रपटाच्या दोन्ही आवृत्त्यांवर ग्रंथही लिहिला. त्याचा सहकारी हायाओ मियाझाकी (१९४१–) याच्या चित्रपटांतही हा वारसा दिसतो. कॅग्लिओस्ट्रोचा किल्ला (१९७९) मधील छपरांवरचा थरार व चोरझडपा आणि आकाशातील किल्ला लापुता (१९८६) मधील पाखरांना जपणारा एकाकी यंत्रमानव पाहताना ग्रिमोचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. २००६ मध्ये या दोघांच्या स्टुडिओ जिब्लीने राजा आणि पक्षी जपानमध्ये वितरित केला. जपानी सचेतनपटाच्या ज्या परंपरेचा पुढे जगभर गौरव झाला, तिच्या उगमांपैकी एक या चित्रपटात आहे.

संगणकाच्या साहाय्याने चित्रे हलवणे सुलभ झाल्यानंतरच्या काळात या चित्रपटाचे महत्त्व कमी झालेले नाही. तंत्राची नवलाई ही त्याची भिस्त कधीच नव्हती. उंची आणि खोली, यंत्राची गती आणि हाताची गती, मूळ माणूस आणि त्याची दुरुस्त प्रतिमा या विरोधांतून त्यातील प्रत्येक दृश्य घडले आहे. सचेतनपट हे केवळ बालरंजनाचे साधन नसून राज्यसत्तेसारख्या विषयाचा गंभीर विचार करू शकणारे स्वतंत्र कलामाध्यम आहे, याचे इतके लवकर आणि इतके सहज दिलेले दुसरे प्रमाण क्वचितच आढळते. मुलांना तो पाठलागाची गंमत म्हणून आवडतो. मोठ्यांना त्यातील रिकाम्या चौकांचा आणि बंद झालेल्या चोरझडपांचा अर्थ उमगतो. दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांनी तो १९८० च्या आवृत्तीतच पाहणे इष्ट होय.